फळीवरचा डबा

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आठव्या महिन्यात बाळ गेलं, त्याला पाच आठवडे झाले. परवा तू पिठलं-भाकरी केलीस, दोन भाकऱ्या खाल्ल्यास, चवही लागली. आणि मग चव लागली याचीच लाज वाटून बाथरूमचं दार लावून रडलीस. ‘काकू, मला भूक लागते, म्हणजे मी आई नव्हतेच का?’ असं विचारलं आहेस.

उत्तर आधी सांगते. तुला भूक लागते, कारण तू बाळंतीण आहेस.

गेल्या पाच आठवड्यांत हा शब्द तुला कुणी लावला नसेल. १९७९ साली मलाही लावला नव्हता. दादरच्या चाळीतल्या दोन खोल्या, पहिलं बाळंतपण, दिवस पूर्ण भरलेले. मुलगा झाला, पण रडलाच नाही. तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. छातीला कुणी कळवलंच नव्हतं.

आपल्याकडे घरात माणूस गेलं की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, सगेसोयरे पिठलं-भात घेऊन येतात, कडू घास भरवतात. ‘नको नको’ म्हणत माणूस चार घास गिळतो. घरात मूल जन्मलं की बाळंतिणीचा स्वयंपाक वेगळा निघतो. तूप घातलेली बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, अळिवाची खीर, जेवणावर बाळंतशोपा, असा सव्वा महिना. तुझं-माझं काय झालं बघ. एवढ्या लहानग्याला अग्नी देत नाहीत, पुरतात. दहावं-तेरावं नाही, म्हणून कडू घास आला नाही. पाळण्यात बाळ नाही, म्हणून खीरही आली नाही. जन्म आणि मरण एकाच दिवशी पाहिलेल्या बाईचं पान आपल्या रीतींनी मांडलेलंच नाही. लोक दुष्ट नसतात गं. काय घेऊन जावं हे कळत नाही, म्हणून हात हलवत येतात आणि ‘अजून वय आहे, होईल दुसरं’ एवढं बोलून चपला घालतात.

माझ्या आईने सातव्या महिन्यातच पितळी डबा भरून पाठवला होता. डिंक, खारीक, सुकं खोबरं, खसखस, आणि एका पुडीत अळीव. मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा ओट्यावर डबा नव्हता. माझ्या नजरेला पडू नये म्हणून सासूबाईंनी तो वरच्या फळीवर, जुन्या गोधड्यांमागे सारला होता. मी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. नवव्या दिवशी त्या स्टुलावर चढल्या, डबा खाली घेतला, स्टोव्ह पेटवला. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “बाळंतपण तर झालंय ना तुझं? कंबर दुखतेय ती कुणाची? ऊठ, खोबरं कीस.”

मी उठले. खोबरं किसलं, मंद आचेवर गुलाबी भाजलं, हाताने चुरलं. मग डिंक. तुपात एकदम ओतायचा नाही, चिमूट-चिमूट सोडायचा. खडा आधी गप्प बसतो, मग तडतडतो आणि लाहीसारखा फुलतो. घाई केली तर आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. त्यामुळे कढईवरची नजर हलवता येत नाही. नऊ दिवसांत पहिल्यांदा माझी नजर भिंतीवरून सुटून दुसऱ्या कशावर तरी ठरली होती.

कढईकडे बघत बघतच सासूबाईंनी सांगितलं की त्यांचीही दोन गेली होती. लग्न होऊन मला तीन वर्षं झाली होती आणि हे मला माहीत नव्हतं. समोरासमोर बसून त्या कधीच बोलल्या नसत्या. झारा हातात होता, म्हणून बोलता आलं. लाडू वळताना गूळ अजून गरम होता, तळवे भाजत होते. आम्ही दोघी रडलो आणि एकीकडे वळतही राहिलो, कारण पाक थांबत नाही.

अळिवाची पुडी मात्र त्यांनी बाजूला ठेवली. “हा दुधाला, डिंक कमरेला,” इतकंच म्हणाल्या. दूध आटावं म्हणून त्यांनी मला फडकं आवळून बांधलं होतं, ते तू करू नकोस. त्याने गाठी होतात, ताप चढतो. तुझं दूध एव्हाना ओसरलं असेल. नसेल तर थंड पट्ट्या ठेव आणि डॉक्टरांना विचार, त्यांच्याकडे गोळी असते.

ऑफिसमधून ‘कधी येतेस’ म्हणून फोन येतात, असंही लिहिलं आहेस. मग हे ठाऊक असू दे. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने ‘मूल’ या शब्दात मृत जन्मलेलं मूलही धरलं. म्हणजे पहिल्या खेपेच्या बाळंतिणीला २०१७ पासून जी २६ आठवड्यांची रजा आहे, ती अशा आईलाही. दिवस अपुरे असताना गर्भपात झाला तर सहा आठवडे. शेजारणीने म्हटलं नसेल, पण कायद्याने तुला बाळंतीण म्हटलेलं आहे. रजा माग, ते उपकार नव्हेत.

आनंदीबाई जोशींचं बाळ दहा दिवसांत गेलं, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्या दुःखातून त्या फिलाडेल्फियाला गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या, प्रबंधही प्रसूतिशास्त्रावरच लिहिला. माझं बाळ गेलं तेव्हा मला कुणीतरी त्यांचं उदाहरण दिलं होतं आणि मला फार राग आला होता. दुःखाचं काहीतरी मोठं करून दाखवलंच पाहिजे, असं नाही. तू आज कुकर लावलास, वरणाला हिंग-जिऱ्याची फोडणी दिलीस, तरी पुष्कळ झालं. ज्या दिवशी तेवढंही जमणार नाही, त्या दिवशी गुरगुट्या भात, मेतकूट, तूप. तोही जड वाटला तर नवऱ्याला सांग. त्याचंही बाळ गेलंय, आणि त्याला तर कुणी ‘कसा आहेस’ म्हणूनही विचारलं नसेल. त्याला लसूण सोलायला बसव. बोलेल.

एक मात्र ऐक. स्वयंपाकाने दुःख जात नाही, दिवस सरतो. पण पुढेही घास उतरेनासा झाला, झोप उडाली, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर ते डिंकाच्या लाडवाचं काम नाही. डॉक्टरांकडे जा, किंवा १४४१६ लाव; सरकारची टेलि-मानस सेवा आहे, मराठीत बोलतात.

नंतर मला मुलगी झाली. तिला आता तिच्या मुली आहेत. दर वर्षी कार्तिकात मी पाव किलो डिंक आणते आणि लाडू करते. माझं बाळ त्याच महिन्यातलं. मुलगी दर वर्षी हसते, “आई, घरात बाळंतीण कोण आहे?”

मी म्हणते, मी आहे.

तुझी,
काकू