मुक्या जिवाची शिदोरी

सज्जनहो, ज्येष्ठात वारीला निघताना आपली शिदोरी आपण कोरड्या फडक्यात नीट बांधतो. गोठ्यातल्या जनावराची शिदोरी कोण पाहतो? पावसाळी हवेत पेंड-भरडा ओल धरतो. ओलीवर बुरशी येते आणि काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष उपजते. १९६० साली इंग्लंडात भुईमुगाच्या अशाच पेंडीने एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. हे विष गाईच्या दुधात उतरते, शिजवूनही पुरते जात नाही. म्हणजे ते आपल्या लेकराच्याच मुखी येते.

म्हणून दाणा दाताखाली कडकन फुटेल इतका वाळवून भरावा. शेकडा १२ हून अधिक ओल नको. कोठी झाडून, उंदरांची बिळे बुजवून, पोती फळ्यांवर रचावी, भिंतीपासून हातभर दूर. जुने आधी संपवावे.

कुबट पेंड पाहून मन म्हणते, "फुकट कशी घालवू?" अहो, जनावराला वाचा नाही, पुढ्यात पडेल ते खाते. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्यासाठी आपण नाही म्हणावे, हाच धर्म. निघण्यापूर्वी पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली, तर आधी ते पोते उपसा, मग पताका खांद्यावर घ्या.