घाम सुकण्याआधी

सर्व धर्मांचे सार एकच आहे, हे वाक्य आम्ही वर्गात मुलांकडून कितीदा लिहून घेतले असेल! डहाणू-तलासरीत राहणाऱ्याला ते सहज पटतेही. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा चैत्रात भरते, तेथे आदिवासींना मान असतो. चिकूच्या वाड्यांत इराणी-पारशी घरे आहेत, तलासरीत ख्रिस्ती मिशन आहे, आमच्या मशिदी आहेत आणि वारल्यांचा हिरवा देवही आहे. पण हे सार म्हणजे नेमके काय?

देवाविषयी आमचे एकमत नाही, हे प्रामाणिकपणे कबूल केलेले बरे. तौहीद आमच्यासाठी तडजोडीची बाब नाही. शेजाऱ्याची श्रद्धाही त्याच्यासाठी नाही. कुरआनही हा भेद लपवत नाही. अल्लाहने मनात आणले असते तर सर्वांची एकच उम्मत केली असती. तशी केली नाही, तेव्हा भलाईत एकमेकांच्या पुढे जा, या आशयाची शिकवण सूरह माइदामध्ये आहे. म्हणजे समान सत्य शोधायचे ते आचरणात.

या कसोटीवर आमच्या भागाचा इतिहास पाहिला की मान खाली जाते. १९४५ पूर्वी येथील जमीनदार-सावकारांत हिंदू होते, पारशी-इराणी होते, मुसलमानही होते. प्रार्थनास्थळे वेगळी, पण वारल्याला वेठीला धरण्यात सर्वांची एकी! लग्नापुरत्या कर्जापायी नवरा-बायको वर्षानुवर्षे 'लग्नगडी' म्हणून राबत. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी ही पैगंबरसाहेबांची (स.) शिकवण, त्याची मजुरी रात्रभर अडकवू नये ही तौरातची आज्ञा, सत्कर्माशिवाय धर्म नाही हे जरथुश्त्रांचे सांगणे. हे सारे ज्यांच्या घरांत होते, त्यांच्यातल्याच अनेकांनी ते मोडले. शेवटी २३ मे १९४५ रोजी, आजच्या तलासरी तालुक्यातील झरी गावी, किसान सभेच्या लाल बावट्याखाली हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतात राबायचे नाही, असे त्यांनी ठरवले. गोदावरी परुळेकरांनी हा लढा 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये नोंदवला आहे. धर्मग्रंथांतली गोष्ट ग्रंथ न वाचलेल्यांनी मागून घेतली.

जुनी गोष्ट म्हणून आम्ही हे सोडून दिले असते. पण मागच्या वर्षी घराच्या डागडुजीला तलासरीकडची एक वारली बाई कामाला होती. काम संपले. सुटे नाहीत म्हणून आम्ही तिला 'उद्या ये' म्हटले. दुसऱ्या दिवशी सर्वधर्मसमभावावर भाषण द्यायला गेलो होतो. ती येऊन परत गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा आली. दोन्ही खेपांचे गाडीभाडे तिचेच.

हुकूकुल्लाहमधली चूक अल्लाह माफ करील. हुकूकुल इबादमधली मात्र ज्याचा हक्क बुडाला त्यानेच माफ करायची असते. आम्ही मजुरीसोबत भाडे दिले, माफी मागितली. तिने पैसे मोजले, पदराला बांधले आणि "गाडी जाईल" म्हणून निघाली. माफ केले की नाही, ते बोलली नाही.

ते वाक्य आम्ही मुलांना अजूनही लिहायला देतो. आता खाली एक प्रश्नही देतो: तुमच्या घरी कामाला येणाऱ्याला मजुरी कधी मिळते? घरी विचारून या.