शितावरून भात

न वाचलेल्या पुस्तकाची शिफारस करणं हे पाप आहे काय, असा प्रश्न कुठल्याही धर्मग्रंथात विचारलेला माझ्या पाहण्यात नाही. (धर्मग्रंथही मी पुरते वाचलेले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो.) चोरी, चहाडी, परद्रव्य यांची तिथं चोख व्यवस्था आहे. पण साठ पानं वाचून तीनशे पानांबद्दल बोलणारा माणूस उजळ माथ्यानं हिंडू शकतो. निदान मी तरी बरीच वर्षं हिंडलो.

गोष्ट १९७८ सालची. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. स्वतःचा जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडायचा होता. राइस मिला, विडीचे कारखाने आणि मुंबई-हावडा लाईनीवरचं जंक्शन, ही गावाची श्रीमंती. त्यात एक वाचनालय, आणि वाचनालयाबाहेर एक बाक. संध्याकाळी त्या बाकावर आम्ही चार-पाच जण मराठी साहित्याची दिशा ठरवायचो. एका राइस मिलचे मुनीमजी, रेल्वेतले गार्डसाहेब, तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे हिशेब लिहिणारे एक काका आणि मी. शनिवारी अर्जुनीकडून छोट्या लाईनच्या गाडीनं पुस्तक बदलायला येणारे एक प्राथमिक शाळेतले गुरुजीही असत. ते बोलत फार कमी. ऐकत मात्र असे, की बोलणाऱ्याला आपण विद्वान असल्याची खात्री पटावी.

साध्या कादंबरीबद्दल खोटं बोलणं कठीण असतं. कोणीतरी विचारतंच, "शेवटी लग्न होतं का हो तिचं?" आणि आपण पकडले जातो. प्रयोगशील कादंबरीत ती भीती नाही. तिथं शेवटी काय होतं असं विचारणाराच गावंढळ ठरतो. 'अनुभवाची घनता', 'निवेदनाची मोडतोड' असं दोनदा म्हटलं की काम भागतं. गार्डसाहेबांनी मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' मालगाडीच्या शेवटच्या डब्यात, रात्रपाळीत वाचली होती. १९४२ सालची ती संज्ञाप्रवाहाची कादंबरी. ते म्हणाले, "कादंबरी कुठं संपली आणि माझं मन कुठं सुरू झालं, तेच समजलं नाही." याहून नेमकं परीक्षण मी त्या कादंबरीचं ऐकलेलं नाही. मुनीमजींनी विचारलं, "म्हणजे आणावी का नाही आणावी?" गार्डसाहेब म्हणाले, "दिवसपाळी असेल तर नका आणू."

माझं भांडवल होतं 'कोसला'. १९६३ साली आलेलं, पंचविशीतल्या तरुणानं लिहिलेलं पुस्तक. गावाकडून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर, त्याचं हॉस्टेल, मेस, उधाऱ्या. मी त्याची पहिली साठ पानं मनापासून वाचली होती. मग घरात काहीतरी निघालं, पुस्तकाची मुदत संपली आणि ते परत गेलं. पण 'कोसला'ची एक मोठी सोय आहे. ती अर्धवट वाचली तरी 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे दोन शब्द माणसाच्या तोंडात कायमचे बसतात, आणि ते योग्य जागी टाकले की ऐकणाऱ्याला वाटतं, याची कादंबरी पाठ आहे. या दोन शब्दांच्या जोरावर मी तीन वर्षं 'कोसला'चा गोंदियातला अधिकृत प्रवक्ता होतो.

एका शनिवारी गुरुजी म्हणाले, "काही चांगलं सुचवा ना जी. मन लागत नाही कशात."

मी ताबडतोब 'कोसला' म्हणालो. गार्डसाहेब ऐकत होते, हे त्याचं खरं कारण. शिवाय म्हणालो, "पण शेवटपर्यंत वाचा बरं का. मधेच सोडाल तर हाती काही लागणार नाही." हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

पुढचे तीन शनिवार गुरुजी आलेच नाहीत. चौथ्या शनिवारी आले तेव्हा बाकावर मी एकटाच होतो. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक काढलं, पण आत जमा करायला गेले नाहीत. मांडीवर धरून बसले. मग म्हणाले, "तुम्ही हे माझ्यासाठी मुद्दाम निवडलं जी. तिच्याबद्दल इतक्या लोकांनी समजावलं मला. देवाची इच्छा म्हणाले, काळ औषध म्हणाले. तुम्ही काही बोलला नाहीत. हे पुस्तक दिलं. मी ते प्रकरण चारदा वाचलं. पहिल्यांदा रडायला आलं मला."

कोणतं प्रकरण, हे मला ठाऊक नव्हतं. 'ती' कोण, हे मात्र ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी गुरुजींची धाकटी बहीण साध्या तापानं गेली होती. आई-वडिलांमागं तिला त्यांनीच वाढवलं होतं. मी भेटायला गेलो होतो, अंगणात तासभर बसलो होतो, आणि काय बोलावं ते न सुचून गाडीची वेळ विचारून परत आलो होतो.

मी मान हलवली. एवढंच केलं. तोंडानं खोटं बोललो नाही, असं मी त्या रात्री स्वतःला बजावलं. मग पुस्तक उघडलं आणि एकसष्टाव्या पानापासून वाचू लागलो. ज्यांनी 'कोसला' वाचली आहे त्यांना मनीबद्दल सांगायला नको. पांडुरंगाची ही धाकटी बहीण देवीनं जाते, आणि इतका वेळ टवाळी करत आलेलं ते पुस्तक तिथं असं काही बोलू लागतं, की ते वाचताना दिवा मालवावासा वाटेना आणि वाचत राहवेना. नुकती बहीण गेलेल्या माणसाच्या हातात मी हे ठेवलं होतं. आतलं काहीही न बघता. त्याला ते औषध ठरलं, ही त्याची पुण्याई. विषही ठरलं असतं.

आता प्रश्न असा, की मी गुरुजींना खरं सांगायला हवं होतं का? कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्यानं १७९७ साली एक निबंध लिहून ठरवून टाकलं, की तुमच्या घरात लपलेल्या मित्राला मारायला खुनी आला तरी त्याच्याशीसुद्धा खोटं बोलू नये. कांटकडे पुस्तक सुचवा म्हणून कोणी येत नसावं. उलट पिएर बायार या फ्रेंच प्राध्यापकानं २००७ साली न वाचलेल्या पुस्तकांबद्दल कसं बोलावं यावर आख्खं पुस्तकच लिहिलं. न वाचणं हाही पुस्तकाशी संबंध ठेवण्याचा एक प्रकार आहे, असं काहीसं त्याचं म्हणणं. वाचून फार बरं वाटलं. (हे मी पूर्ण वाचलं. एव्हाना सवय लागली होती.) पण जवळचा दाखला धर्मराजाचा. अश्वत्थामा मेला हे मोठ्यानं आणि हत्ती हे हळू, एवढ्यावर त्याचा चार बोटं अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला. माझा रथ मुळात जमिनीवरच होता, म्हणून घसरण कोणाच्या लक्षात आली नाही.

मी मुनीमजींना नाव न घेता विचारून पाहिलं. म्हटलं, "साठ पानांवरून पुस्तक कळत नाही का? शितावरून भाताची परीक्षा होतेच की." मुनीमजी तांदळातले जाणकार. म्हणाले, "शितावरून भात शिजला की नाही ते कळते, भाऊ. पोत्यात मधी काय भरलं ते नाही कळत. काहून आम्ही पोत्यात नळी खुपसून मधला माल काढून पाहतो?"

पण मला अडवत होतं ते वेगळंच. मी खरं सांगितलं असतं, तर माझं मन हलकं झालं असतं. गुरुजींचं काय झालं असतं? आपल्या दुःखाचा कोणीतरी इतका बारीक विचार केला, एवढ्या पुस्तकांतून नेमकं एक काढून दिलं, यावर तो माणूस उभा होता. ते काढून घ्यायचं, का? तर मला रात्री झोप लागावी म्हणून? हे बरोबर होतं की माझ्या भित्रेपणाला मिळालेला सोयीचा अंगरखा होता, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. मी गप्प राहिलो. सहा वर्षं. त्या काळात गुरुजींच्या नजरेत माझ्याबद्दल एक आदर असे, आणि तो दर शनिवारी व्याजासकट वाढत होता.

१९८४ च्या दिवाळीत गुरुजी माझ्या घरी आले. फराळ झाल्यावर पिशवीतून विलास सारंगांची 'एन्कीच्या राज्यात' काढून माझ्या हातात दिली. आदल्याच वर्षी प्रसिद्ध झालेली. नागपूरहून विकत आणली होती. त्यांच्या पगारात ती गोष्ट लहान नव्हती. म्हणाले, "तुमच्यासाठी आणलं जी. मुद्दाम."

मी ती ओळ न् ओळ वाचली. इराकमधल्या बसऱ्याला शिकवायला गेलेला मराठी माणूस, तिथलं एकाकीपण, भोवतालची दहशत. गुरुजींनी यात माझ्यासाठी काय पाहिलं असेल? मी भित्रा आहे हे त्यांना कळलं? मी एकटा पडलोय असं त्यांना वाटतं? बायकोला विचारलं, "मी तुला परक्या देशात राहिल्यासारखा वाटतो का?" ती म्हणाली, "गिरणीतून दळण आणायची वेळ झाली की वाटता." दुसऱ्यांदा वाचली. शेवटी राहवेना, शनिवारी बाकावर गुरुजींना विचारलं, "यातलं माझ्यासाठी कोणतं प्रकरण?"

गुरुजी मोकळेपणानं हसले. "मी कुठं वाचलं जी! दुकानदाराला म्हटलं, समजायला कठीण असं एक द्या, आमच्याकडे वाचणारे आहेत. आता तुम्ही वाचलं, तुम्हीच मला सांगा."

इतकं साधं होतं ते. मला त्यांचा हेवा वाटला, आणि त्या भरात मीही सांगून टाकलं: साठ पानं, मुदत, गार्डसाहेब, सगळं. मनीचं प्रकरण मी त्यांच्यानंतर वाचलं, हेही.

गुरुजी ऐकत राहिले, नेहमीसारखेच. रागावले नाहीत. छोट्या लाईनच्या गाडीची वेळ होत आली होती, तरी उठले नाहीत. बराच वेळ समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिले आणि मग अगदी हळू म्हणाले,

"मग ते पुस्तक माझ्यासाठी निवडलं कोणी जी?"

मी समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले.