बंद पेटीतला गंज

डेट्रॉइट शहराखाली मिठाची खाण आहे, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून इकडे रस्त्यांवर मीठ टाकतात. ज्या भागाने जगाला गाड्या दिल्या, त्याच भागात गाड्या लवकर सडतात.

शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये १९६७ची मस्टँग फास्टबॅक आहे. (मी त्यांना नावानेच हाक मारतो, इथे तशीच पद्धत. पण मराठीत लिहायला बसलो की आजोबाच येतं.) गेलं दीड वर्ष दर शनिवारी मी त्यांच्याकडे वेल्डिंग शिकतोय. आठवडाभर कोड लिहिणाऱ्याला हाताला चटका बसेल असं काहीतरी हवं होतं, एवढंच.

बाहेरून गाडी झकास दिसायची. लाल, चकचकीत. एक दिवस आजोबांनी मागच्या चाकावरच्या पत्र्याला लोहचुंबक लावला. तो खाली पडला. तिथे पत्रा नव्हताच, लांबी होती. आपल्याकडचे पेंटर भरतात तीच. ग्राइंडर लावला तर बोटभर जाड निघाली. मागे कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, आणि जाळीमागे वर्तमानपत्राचा बोळा. कुणीतरी हे करून, वर रंग मारून गाडी विकली होती. मी शिव्या दिल्या. मराठीत. आजोबांना अर्थ कळला असावा.

लांबी म्हणजे फसवणूकच, असं नाही. वेल्डिंगनंतर पत्रा थोडा खालीवर होतो. त्यावर दोनेक मिलिमीटरचा हात फिरवायला कुणाची हरकत नसते. त्या काळी कारखान्यांतही पत्र्यांचे सांधे शिशाने भरून गुळगुळीत करत.

गाडीचा विषय निघाला की मित्र हमखास थीसिअसचं जहाज काढतात. सगळे भाग बदलले तर गाडी तीच का? आपल्याकडे तो प्रश्न 'मिलिंदपञ्ह'मध्ये आहे. रथ म्हणजे चाक, आस की दांडा, असं भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो. या मस्टँगची अख्खी नवी बॉडी आज विकत मिळते. पण गाडीचा नंबर पुढच्या चाकावरच्या आतल्या पत्र्यात ठोकलेला असतो, आणि त्या नंबराशी छेडछाड करणं हा अमेरिकेत केंद्रीय कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणजे कायद्यापुरता आत्मा त्या एवढ्याशा पत्र्यात. गंमत आहे. पण हातात ग्राइंडर असताना मला हा प्रश्न कधी पडला नाही. पडला तो वेगळाच.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसिस नाही, बॉडीच वजन पेलते. दाराखालची पोकळ पेटी, जिला इथे रॉकर म्हणतात, ती फार मोठा भार घेते. वायपरखालच्या जाळीतून पाणी शिरतं, खाली साचतं आणि पत्रा आतून सडत जातो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे चिकटलेले दोन पत्रे पाचर मारल्यासारखे फाकतात. ॲल्युमिनियमवरचा थर खालच्या धातूला जपतो; लोखंडाचा गंज गळून पडतो आणि आतलं लोखंड उघडं टाकतो. म्हणून निरोगी, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापायचं. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करायचे, नाहीतर गाडी मधे वाकते आणि मग दार लागत नाही. नवा तुकडा टाक्याटाक्याने जोडायचा, एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब. नाहीतर उष्णतेने पत्रा पिळवटतो. भयंकर वेळखाऊ.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी मी डाव्या रॉकरच्या आतल्या पत्र्यावर होतो. चार वेळा कापून झालं होतं. नवा तुकडा बसला, आणि त्याच्या टोकाशी जुन्या पत्र्यावर चारपाच काळे खड्डे दिसले. स्क्रू ड्रायव्हर टोचला. आरपार गेला नाही. अजून कापायचं तर तुकडा पुन्हा बनवायला लागणार. मी गंजावरचं रसायन फासलं, वर प्रायमर मारला आणि बाहेरचा पत्रा वेल्ड करून टाकला. आजोबा कॉफी आणायला घरात गेले होते.

रात्री हिशेब केला. रसायन काही काळ काम करेल. गाडी वर्षाला जेमतेम पाचशे मैल चालणार, तीही उन्हाळ्यात. खड्डे वाढायला वर्षानुवर्षं लागतील. परिणामच मोजायचे तर मी बरोबर होतो. ऑफिसात असले हिशेब रोज करतो. पण तिथे निदान 'नंतर दुरुस्त करा' अशी कॉमेंट लिहून ठेवतो, पुढच्याला दिसते. इथे मी वर प्रायमर मारला होता. तो बोळा कोंबणाराही असंच म्हणाला असेल, पाच वर्षं तर निघतील. कदाचित तोही दमला असेल.

गाडी पुढे आजोबांच्या नातीची होणार आहे. कधीतरी पंक्चर काढताना ती त्या पेटीजवळ जॅक लावेल.

मला जास्त खुपलं ते दुसरंच. आजोबांना विचारलं असतं, तर ते 'राहू दे' म्हणालेही असते. मग तेच खड्डे, तोच प्रायमर, आणि लबाडी शून्य. पत्र्यात काहीच फरक पडला नसता. त्यांच्या गाडीचं त्यांनी ठरवायचं ते मी, ते खोलीत नसताना, ठरवून टाकलं होतं.

पुढच्या शनिवारी सांगितलं. 'किती खोल?' एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही. त्यांनी कॉफी संपवली आणि ग्राइंडर माझ्यापुढे सरकवला. टाके घासून पत्रा उघडायला दोन तास लागले. एक खड्डा मागच्या बाजूने जवळजवळ आरपार आला होता. बाकीचे वरवरचे निघाले. ते कापायची गरज नव्हती, असं मला अजूनही वाटतं.