निरंक म्हणजे नाही काय?

जे आपल्याला दिसले नाही, त्याच्याविषयी आपले काही कर्तव्य असते काय? हा प्रश्न जुनाच आहे. सागरी जीवांच्या शोधाच्या एका नव्या रीतीने तो पुन्हा पुढे आला आहे.

पाण्यातील प्रत्येक जीव खवले, श्लेष्म, विष्ठा यांच्या रूपाने आपले सूक्ष्म कण मागे ठेवतो. पाणी गाळून त्या कणांतील डीएनए वेगळा काढावयाचा, त्याच्या असंख्य प्रती करावयाच्या आणि ज्ञात जातींच्या नोंदींशी त्या ताडावयाच्या, अशी ही रीत. २०१२ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी अर्ध्या-अर्ध्या लिटर समुद्रजलातून माशांच्या १५ जाती ओळखल्या. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबीने ओडिशाच्या चिलिका सरोवरात ही पद्धत वापरली. जाळे न टाकता जीवांची ओळख पटावी, यात अहिंसेचाही लाभ आहे.

नैयायिक धुरावरून अग्नीचे अनुमान करतात, तसेच हे. मात्र हा धूर प्रवाहाबरोबर दूर वाहतो आणि काही दिवसांत विरतो. शिवाय ज्या जातीची नोंदच संग्रहात नाही, तिला नाव कोण देणार?

खरी अडचण काही न सापडल्यावर उभी राहते. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. पण वस्तू असती तर ती अवश्य आढळली असती, अशी स्थिती असेल तरच. शासकीय तक्त्यांत ‘निरंक’ हा शब्द मी वर्षानुवर्षे वाचला. शोधून न सापडलेले आणि न शोधलेले, दोन्ही त्या रकान्यात सारखेच दिसतात. अशा निरंकावर बंदराला वा वाळूउपशाला परवानगी देणे न्याय्य नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोर प्रकरणात सावधगिरीचे तत्त्व स्वीकारले आणि अपाय होणार नाही हे सिद्ध करण्याचा भार बदल करू इच्छिणाऱ्यावर ठेवला, तो याच कारणाने.

आपल्या जुन्या घराण्यांच्या वंशावळींत कित्येक स्त्रियांची नावे नाहीत. म्हणून त्या नव्हत्याच, असे आपण म्हणत नाही. मग नोंदीबाहेरच्या जीवांना निराळा न्याय का?

रामाकोन्याहून समुद्र दूर खरा. परंतु आपल्या कन्हानचे पाणी वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करीत बंगालच्या उपसागरास मिळते. आपण नदीत जे सोडतो, ते तेथील न दिसणाऱ्यांच्या वाट्याला जाते. त्यांची नावे कळण्याची वाट पाहून मग कर्तव्य आरंभावे, इतका अवधी आपल्यापाशी नाही.