९३ घरांची विहीर

साथीच्या गणितातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा हिशेब सर्वांत साधा आहे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये काम केलेले डॉक्टर अँडरसन मॅकेंड्रिक यांनी १९२६ साली भारतातल्या एका खेड्यातल्या पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, आकडे मांडले. घरे २२३. त्यांतल्या १६८ घरांत एकही रुग्ण नव्हता. ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन आणि एका घरात चार, असे ८६ रुग्ण. सगळ्या घरांना सारखाच धोका असता, तर एकच रुग्ण असलेली घरे बरीच जास्त दिसली असती आणि तीन-तीन रुग्णांची घरे जेमतेम एक-दोन. मॅकेंड्रिकनी उलट बाजूने हिशेब केला: धोका फक्त ९३ घरांना असावा, म्हणजे विहिरी अनेक असल्या तरी बिघडलेली एकच. चौकशीअंती तसेच निघाले.

पुढे पाण्यातल्या जंतूंनाही समीकरणात जागा मिळाली. बारी या इटालियन शहरातल्या १९७३ च्या साथीवर कापासो आणि पाव्हेरी-फोंताना या संशोधकांनी १९७९ मध्ये तसा अभ्यास केला. एका रुग्णामागे होणारे नवे रुग्ण सरासरी एकाहून कमी झाले की साथ ओसरते. ते साधते क्लोरीनने, शौचालयाने, लशीने.

पण सरासरीत विहीर हरवते. २०२२ मध्ये गोवा ‘हर घर जल’, म्हणजे घरोघरी नळाचे पाणी, असे प्रमाणित झालेले देशातले पहिले राज्य ठरले, आणि ते काम खरेच मोठे आहे. तरीही २०२४ च्या सप्टेंबरात गोव्यातल्याच कुटबण जेटीवर ट्रॉलरवरच्या कामगारांत कॉलरा पसरला, माणसे दगावली. त्यांचे घर होते होडी. ‘हर घर’मध्ये होडी कुठून येणार?

म्हणून गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या तालुक्यांबद्दल आस्थेने सांगावेसे वाटते. पेडण्यातल्या चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून किती पाणी सुटते, याची नोंद असतेच. मोपा विमानतळाच्या आसपास भाड्याच्या खोलीत दाटीने राहणारे मजूर कुठले पाणी पितात, डिचोलीतल्या शिरगावच्या जत्रेत धोंडांची, म्हणजे व्रतस्थ भाविकांची, तहान कुठल्या टँकरवर भागते, हे कुठे लिहिलेले असते? समीकरणाला लागणारा आकडा नेमका हाच, आणि तो संगणकातून निघत नाही. दारोदार जाऊन विचारावा लागतो.

पंचायतींनी पावसाआधी घरपट्टीच्या वहीत एक रकाना वाढवावा: पिण्याचे पाणी कुठून? आणि ज्यांच्या नावावर घरपट्टी नाही, त्यांच्यापासून सुरुवात करावी.