हौसेची सेवा आणि नेमाची सेवा

परमार्थात एक प्रश्न फार जुना आहे, आणि अलीकडे तो नव्या वेषात आमच्यापुढे उभा राहिला. जी सेवा कुणी सांगितली नाही, जिचा मोबदला कुणी घेतला नाही, तिचा हिशोब कुणी कुणाला मागावा काय? पगारी माणसाला धनी जाब विचारतो, ते रास्तच आहे. पण जो आपल्या खुशीने आला, ज्याने घाम गाळला, पदरमोड केली आणि एक दिवस यायचा थांबला, त्याला ‘का रे बाबा, आला नाहीस?’ असे विचारण्याचा अधिकार कुणाला? ‘फुकट राबायचे आणि वर बोलणीही खायची काय?’ असे तो म्हणाला, तर त्याला काय उत्तर द्यावे?

हा प्रश्न आमच्यापुढे आला तो झाडांच्या निमित्ताने. पुणे शहर वारकऱ्यांना परके नाही. माउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबारायांची नाना पेठेत मुक्कामाला असते, तेव्हा आपण सारेच पुणेकर होतो. त्या पुण्याला वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई अशा टेकड्या आहेत. पहाटे तिथे फिरायला जाणारी पुष्कळ माणसे दिसतात, आणि त्यांतले काही जण हातात पाण्याचा कॅन घेऊन चढताना दिसतात. वाटेवरच्या एखाद्या रोपाला पाणी घालतात नि मुकाट्याने उतरतात. कुणी त्यांना नेमलेले नाही. कुठे टेकडीवर, कुठे रस्त्याच्या कडेला, कुठे शाळेच्या आवारात, अशी रविवारी जमून झाडे लावणारी मंडळी आता बहुतेक शहरांत आहेत. त्यांत माळकरीही असतात. अशा मंडळींत आम्ही वावरलो आहोत, म्हणून चार शब्द लिहावेसे वाटले.

आपल्या देशात वनमहोत्सवाची प्रथा १९५० साली सुरू झाली. कन्हय्यालाल मुनशी तेव्हा केंद्रात अन्न व शेती खात्याचे मंत्री होते. जुलैचा पहिला आठवडा हा त्याचा मुहूर्त. महाराष्ट्रात १ जुलै २०१६ रोजी एका दिवसात २ कोटी रोपे लावण्याचा संकल्प झाला, आणि २०१९ च्या पावसाळ्यासाठी तो आकडा ३३ कोटींपर्यंत गेला. आकडे मोठे आहेत, त्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. पण ‘किती लावली?’ हे जेवढ्या मोठ्याने विचारले जाते, तेवढ्या मोठ्याने ‘किती जगली?’ हे विचारले जात नाही, एवढे मात्र खरे.

वारकऱ्याला हे आपल्या पंचांगावरून चटकन कळेल. रोप लावायचे ते आषाढीच्या सुमारास. पुढे चातुर्मास आहे. ते चार महिने रोप देवाच्या भरवशावर जगते. मेघराजा त्याला पाजतो, वारा त्याला डोलवतो, आणि लावणाऱ्याला वाटते, ‘वा! आपले झाड काय छान लागले!’ मग कार्तिकी होते, आळंदीची यात्रा होते, आभाळ कोरडे पडते आणि टेकडीवरचा मुरूम तापू लागतो. इथून आपली पाळी सुरू होते. गंमत अशी की आषाढात खड्ड्याभोवती दाटी करणारी माणसे याच वेळी पांगलेली असतात.

आता जरा हिशोब मांडू. मुरमाड जागेतल्या एका रोपाला आठवड्याला १५ लिटर पाणी धरा. कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत सुमारे ३० आठवडे होतात, म्हणजे एका झाडाला ४५० लिटर. माणूस पाच लिटरचे दोन कॅन घेऊन टेकडी चढला तर एका खेपेला १० लिटर पाणी वर जाते. दहा झाडे जगवायची तर दर आठवड्याला १५ खेपा झाल्या. आणि हे एका उन्हाळ्याचे काम नव्हे. मुळे खोल जाईपर्यंत दोनतीन उन्हाळे तरी काढावे लागतात. शिवाय माघ-फाल्गुनात वाळलेल्या गवतावर एखादी विडी पडली की सारा उतार पेटतो. म्हणून आधीच गवत कापून जाळपट्टा काढावा लागतो. शेळ्या शेंडा खुडतात. आधाराची काठी मोडते. आळे बुजते, ते उकरून वर पाचोळा घालावा लागतो. खड्डा खणायला अर्धा तास पुरतो, झाड राखायला तीन वर्षे लागतात. पहिल्या कामाला टाळ्या मिळतात, दुसऱ्याकडे कुणाचे लक्षही नसते.

अशाच एका मंडळीतली गोष्ट. एक तरुण दोन उन्हाळे टेकडीच्या एका कडेची रोपे न चुकता राखत होता. तिसऱ्या वर्षी त्याला कामावर रात्रपाळी लागली, घरी आई आजारी पडली, आणि तो यायचा थांबला. लाजेने कुणाशी बोललाही नाही. सगळे समजत होते की तो आहेच. चैत्रात कुणी तिकडे गेले तर रोपे वाळून काड्या झालेल्या. मग मंडळींत वाद झाला. एक आजोबा म्हणाले, ‘अण्णा, त्या पोराला चार शब्द ऐकवले पाहिजेत. दोन वर्षांची मेहनत मातीत गेली.’ अण्णा म्हणाले, ‘अहो आजोबा, त्या मेहनतीतली अर्धी त्याचीच होती की! त्याला बोलायचा आपल्याला काय हक्क? त्याचे उपकार मानावेत.’

दोघांचेही आम्हाला पटले, आणि दोघांचेही पुरते पटले नाही.

अशा वेळी काही सुज्ञ लोक शास्त्राचा आधार पुढे करतात. ते म्हणतात, ‘गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी फळाची आशा सोडायला सांगितले आहे. आपण झाड लावले, कर्म केले. ते जगले काय, वाळले काय, आपण त्यात मन गुंतवू नये.’ वाचकहो, ऐकायला हे गोड आहे. पण या गोडीत फसगत आहे. कीर्तनकाराने बिदागीची आशा धरू नये हे खरे; म्हणून त्याने अभ्यास न करता नारदाच्या गादीवर उभे राहावे काय? पाऊस आपल्या हाती नाही हे शेतकऱ्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. म्हणून तो पेरणी हयगयीने करतो काय? निष्काम म्हणजे निष्काळजी नव्हे. जे फळ सोडायचे ते आपल्या नावाचे, आपल्या मानाचे. झाडाचे जगणे हे आपले फळ नव्हे. तो त्या कर्माचाच भाग आहे. अर्ध्यावर टाकलेले कर्म भगवंताला अर्पण करता येत नाही.

दुसरे कुणी माउलींचा दाखला देतात. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात भक्ताची समबुद्धी सांगताना झाडाची उपमा आली आहे: लावणारा असो की तोडणारा, झाड दोघांनाही सारखीच सावली देते. ‘मग झाडच जिथे हिशोब ठेवत नाही, तिथे तुम्ही कोण मांडणारे?’ असा त्यांचा प्रश्न. त्यावर आमचे म्हणणे इतकेच की ती समता वाढलेल्या झाडाची आहे, सिद्धाची आहे. वीतभर रोपाजवळ कुणालाच द्यायला सावली नसते. ते तिथवर पोचावे म्हणून कुणीतरी रोज हिशोबाने पाणी घालावे लागते. झाडाची समता झाडाला शोभते. आपण अजून माळ्याच्या पायरीवर आहोत.

मग खुशीच्या सेवेला बंधन आहे की नाही? याचे उत्तर वारकऱ्याने बाहेर शोधायचे कारण नाही, ते त्याच्या गळ्यात आहे. तुळशीची माळ घाला असा हुकूम आपल्याला कुणी केला होता? कुणीही नाही. ती आपण आपल्या खुशीने घातली. पण एकदा घातल्यावर एकादशी आली, नित्य हरिपाठ आला, वारीचा नेम आला. ‘मी फुकट माळकरी झालो आहे, मला एकादशीचे कोण विचारणार?’ असे कुणी म्हणत नाही. जे खुशीने पत्करले त्याचे बंधन उलट अधिक असते, कारण ते दुसऱ्या कुणी लादलेले नाही. आपल्याच शब्दाचे आहे. शिवाय इथे आपल्या शब्दावर एक जीव विसंबलेला आहे. पिशवीतून काढून खड्ड्यात बसवण्यापूर्वी ते रोप रोपवाटिकेत माळ्याच्या हातचे पाणी पीत होते. तिथून आपण त्याला आणले. आपण आणले नसते तर त्याने आपल्यापाशी काही मागितले नसते.

यावर कुणी म्हणेल, ‘असे बांधून घातलेत तर येणार कोण? शहरातल्या माणसाला पोट आहे, नोकरी आहे, म्हातारे आईबाप आहेत.’ ही शंका खरी आहे, आणि तिचे उत्तरही आपल्या परंपरेतच आहे. वारीत आळंदीपासून पंढरीपर्यंत चालणारे असतात, तसे पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला माघारी फिरणारेही असतात. त्यांना कुणी हिणवत नाही. दिंडीवाले एवढेच म्हणतात, ‘माउली, कुठवर येणार ते आधी सांगा, तेवढा शिधा, तेवढी जागा धरता येते.’ थोडे देणे हा दोष नाही. पुष्कळ बोलून गप्प बसणे हा दोष आहे.

आणि सप्ताहातला वीणेचा पहारा आठवा. सात दिवस, रात्रंदिवस, वीणा खाली ठेवायची नसते. म्हणून एकच माणूस सात दिवस उभा राहतो काय? नाही. आपला पहारा झाला की तो दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घालतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, आणि पहिला मोकळा होतो. त्याला कुणी ‘पळाला’ म्हणत नाही. तो खुशाल घरी जाऊन झोपतो. अट इतकीच की वीणा जमिनीला लागता कामा नये. आमच्या मते अण्णा आणि आजोबा यांच्या वादाचा निवाडा इथे होतो. त्या तरुणाने जाण्यात काहीच गैर नव्हते. आईची सेवा सोडून झाडाला पाणी घालणे हा धर्म नव्हे; पुंडलिकाच्या विटेवर देव उभा आहे, तो आईबापाच्या सेवेसाठीच तिष्ठत उभा आहे. उणीव राहिली ती वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यात. आणि ती एकट्या त्याचीच नव्हे. पहारा बदलण्याची वेळ झाली की पुढचा माणूस स्वतःहून येऊन उभा राहतो, अशी सप्ताहाची रीत आहे. ‘बाबा, दमलास का? दे इकडे,’ असे दोन वर्षांत त्याला कुणी विचारले होते काय?

तेव्हा जे अशी मंडळी चालवतात त्यांच्यावरची जोखीम अधिक आहे. खड्डे किती खणायचे ते उत्साह पाहून ठरवू नये, चैत्र-वैशाखात कितीजण येणार ते मोजून ठरवावे. दहा माणसे असतील तर शंभर झाडांचा मोह आवरावा. प्रत्येक ओळीला एक नव्हे, दोन राखणदार असावेत, म्हणजे एकाला सुतक आले, आजार आला, बदली झाली, तरी दुसरा आहे. आपल्याला जमत नाही हे सांगणाऱ्याचा अपमान होऊ नये. तो बोलला म्हणून झाड वाचले, याबद्दल त्याचे आभारच मानावेत. आणि जागेची विचारपूस आधी करावी. टेकडीवर वनखात्याची, रस्त्यावर महापालिकेची परवानगी लागते. माळ दिसला की तो उजाड आहे असे धरू नये. गवताळ माळ हे पाखरांचे घर असते, त्याचा काही भाग तसाच राहू द्यावा. वड-पिंपळ भिंतीला खेटून लावू नयेत. कडुनिंब, करंज, बहावा, आपटा, ताम्हण अशी आपल्या मातीतली झाडे निवडावीत. हे शिकून घेणे हाही सेवेचाच भाग आहे.

आणखी एक. शहरात झाडाभोवती लोखंडी पिंजरा बसवतात आणि त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी असते. पुष्कळ ठिकाणी झाड गेलेले असते आणि पाटी तेवढी राहिलेली असते. झाड वाढले तरी पिंजरा काढायला कुणी येत नाही, आणि मग ज्या लोखंडाने बाळपणी राखले तेच सालीत रुतून बसते. आपल्या मीपणाचेही असेच आहे. सुरुवातीला ‘माझे झाड’ म्हणण्याने माणूस कामाला लागतो, तोवर ते बरे. झाड मोठे झाले की ते ‘माझे’ वेळेवर काढून घ्यावे. आळंदीच्या अजानवृक्षापुढे, देहूच्या नांदुरकीपुढे आपण हात जोडतो. त्या झाडांना पिढ्यानुपिढ्या कुणी राखले, त्यांची नावे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहेत?

सावतामहाराज अरणला मळा राखीत राहिले. परंपरा सांगते की ते पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला. मळा सोडून जाता येत नाही हे ज्याला कळले, त्याच्या घरी देवाला यावे लागले. यातला अर्थ शहरातल्या माळकऱ्यांनी मनात घ्यावा.

यंदा आषाढीला ज्यांच्या हातून रोप लागेल, त्यांनी खड्डा बुजवतानाच शेजारच्याला विचारावे, ‘कार्तिकीनंतर पाणी कोण घालणार?’ उत्तर मिळाले तर रोप लावावे. नाही मिळाले तर ते पिशवीतच राहू द्यावे आणि आधी माणूस शोधावा. एकच झाड लावा, पण त्याची वीणा खाली ठेवू नका. रामकृष्णहरी.